गाडी धुताना चरे पडू नयेत म्हणून स्पंज बरा की हातमोजा?
रत्नागिरीत राहता आणि काळ्या गाडीवर गोल गोल चरे दिसतात म्हणता, तर संशय स्पंजवरच. सपाट स्पंजखाली वाळूचा कण अडकला की तो रंगावर घासत फिरतो. लांब, मऊ धाग्यांचा मायक्रोफायबर हातमोजा घ्या. कण धाग्यांत आत शिरतात. पण आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने किनाऱ्यावरची रेती आणि जांभ्याची लाल धूळ उतरवाच, नाहीतर महागडा मोजाही फुकट. दोन बादल्या ठेवा: एकीत कार शाम्पू, दुसरीत मोजा विसळायला साधं पाणी. टपापासून खाली या. चाकांना वेगळं फडकं. मोजा जमिनीवर पडला तर धुतल्याशिवाय गाडीला लावू नका. मोजा धुताना कपड्यांचा सॉफ्टनर नको. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवा. ओला डिकीत राहिला की बुरशी ठरलेली!