कॅमेऱ्याचा हप्ता आणि दहा लाखांचे अपुरे कवच

नाशिकच्या एका वाचकाने सायकल शर्यतींच्या छायाचित्रणासाठी नवा कॅमेरा घेण्याविषयी विचारले आहे. वय 39, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी, हाती येणारा पगार 72,000 रुपये, पत्नी गृहिणी आणि नऊ वर्षांची मुलगी. गृहकर्जाचे 28 लाख रुपये फिटायचे आहेत, व्याज साडेआठ टक्के, हप्ता 26,000 आणि मुदत अजून सतरा वर्षांची. सहा वर्षांपूर्वीच्या साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने वेगातले सायकलस्वार धूसर येतात, म्हणून 3 लाख 60 हजारांचा नवा मिररलेस कॅमेरा आणि दूरचे जवळ आणणारी 70-200 मिलिमीटरची लेन्स त्यांना घ्यायची आहे. दरमहा 20,000 रुपयांचा अठरा महिन्यांचा ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणवला जाणारा, हप्ता घ्यावा, की अडीच लाखांची मुदत ठेव मोडून उरलेली रक्कम विमा पॉलिसीवर कर्ज काढून उभी करावी, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. शर्यतींतली छायाचित्रे विकून निम्मा हप्ता सुटेल, असे त्यांनी गृहीत धरले आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येईल. घरखर्चाचे 28,000, कर्जाचा हप्ता आणि पॉलिसीचा महिन्याकाठी पडणारा सव्वाआठ हजारांचा भार वजा जाता आपल्या हाती महिन्याला दहा हजारांहून कमी उरतात, त्यामुळे वीस हजारांचा हप्ता बसत नाही. आणि अडीच लाखांची ठेव म्हणजे घरखर्च व कर्जाचा हप्ता मिळून पाच महिन्यांचीही तरतूद नाही, त्यामुळे तिला हात लावू नये. ‘नो कॉस्ट’ या नावावरही विसंबू नका, कारण रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुधा आपल्याला मिळत नाही, प्रक्रिया शुल्क लागते आणि व्याजाच्या भागावर जीएसटी भरावा लागतो.

मला अधिक काळजी वाटली ती पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिलेल्या एका ओळीची. गृहकर्ज मंजूर होताना बँकेतल्या अधिकाऱ्याने ‘विम्यासह आवर्ती ठेव’ म्हणून दिलेल्या पॉलिसीत आपण वर्षाला एक लाख रुपये भरता; चार हप्ते झाले आहेत, सहा राहिले आहेत, विसाव्या वर्षाच्या अखेरीस वीस लाख मिळतील आणि तोपर्यंत विमा संरक्षण दहा लाखांचे आहे. कर्जासाठी ही पॉलिसी आवश्यक आहे, असे आपल्याला सांगण्यात आले. हे सांगणे चुकीचे होते. कर्ज देताना ग्राहकावर विशिष्ट विमा घेण्याची सक्ती करण्याचा बँकेला अधिकार नाही, आणि विमा पॉलिसीला ठेव म्हणणे ही सरळ फसवणूक आहे. अशी प्रकरणे माझ्याकडे सतत येतात, आणि दर वेळी घर घेण्याच्या घाईत असलेल्या, प्रत्येक कागदावर सही करणाऱ्या कुटुंबालाच हे उत्पादन गळ्यात मारलेले असते.

दहा लाखांचे वीस लाख, म्हणजे पैसे दुप्पट, असे आपण लिहिले आहे. परंतु पहिला हप्ता वीस वर्षे अडकतो, दहावा अकरा वर्षे अडकतो, म्हणजे सरासरीने प्रत्येक रुपया साडेपंधरा वर्षे अडकलेला असतो. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण साडेचार ते पावणेपाच टक्के. हाच लाख रुपयांचा हप्ता दहा वर्षे पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, भरून पुढे दहा वर्षे तसाच ठेवला असता, तर आजच्या 7.1 टक्के दराने साडेएकोणतीस लाखांच्या आसपास झाले असते. एका हाताने साडेआठ टक्के व्याज देत असताना दुसऱ्या हाताने पावणेपाच टक्के मिळवण्यासाठी दर वर्षी लाख रुपये बाजूला काढण्यात कोणताही हिशेब बसत नाही. त्याच पॉलिसीवर पुन्हा व्याजाने कर्ज काढून कॅमेरा घेणे म्हणजे तोटा आणखी वाढवणे होय.

परतावा कमी असणे हा मात्र यातला लहान दोष आहे. उद्या आपल्याला काही झाले, तर पत्नीच्या हाती दहा लाख येतील आणि बँकेचे येणे 28 लाख असेल. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या विम्यातून मिळणारी रक्कम फार तर सात लाख असते. सगळे मिळूनही कर्ज फिटत नाही, घर विकण्याची वेळ येते, आणि मुलीच्या शिक्षणाला काही उरत नाही. आपण पुढे असेही लिहिले आहे की, शर्यतीच्या दिवशी मित्राच्या मोटारसायकलवर मागे तोंड करून बसून आपण सायकलस्वारांची छायाचित्रे घेता आणि कसारा घाटात वळणाच्या बाहेरच्या कडेला उभे राहता. उतारावर सायकली ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने येतात, मागून वाहने येत असतात, आणि डोळा कॅमेऱ्याला लावलेल्या माणसाला बाजूचे काहीही दिसत नाही. वळणाच्या बाहेरची कडा हीच घसरलेली सायकल जाऊन आदळण्याची जागा असते. कृपया आतल्या बाजूला, कठड्याच्या पलीकडे उभे राहा आणि मोटारसायकलवर उलटे बसणे आजपासून बंद करा.

विमा किती हवा, तेही पाहू. कर्जासाठी 28 लाख. वर्षाला सुमारे साडेतीन लाखांचा घरखर्च महागाईसह चालावा म्हणून एक कोटी. मुलीच्या शिक्षणासाठी वीस लाख. म्हणजे दीड कोटींचा शुद्ध मुदत विमा, साठाव्या वर्षापर्यंतचा. यात मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम मिळते, एरवी काही परत येत नाही. तंबाखूचे व्यसन नसलेल्या निरोगी माणसाला तो आपल्या वयात वर्षाला वीस ते तीस हजारांच्या दरम्यान मिळतो, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही लागत नाही. प्रस्ताव अर्जात शर्यतींच्या छायाचित्रणाचा हा छंद स्पष्ट लिहा. दावा आल्यावर लपवलेली माहिती बाहेर आली, तर त्रास पत्नीला होईल. अपघात विमाही घ्या, पण त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचून घ्या, कारण अनेक पॉलिसींत शर्यतीतला सहभाग वगळलेला असतो. आरोग्यासाठी आपण केवळ कंपनीच्या तीन लाखांच्या विम्यावर अवलंबून आहात आणि तो नोकरीबरोबर संपतो. तिघांसाठी दहा लाखांची स्वतःची पॉलिसी असायला हवी.

आता जुन्या पॉलिसीचे काय करावे? ‘चार लाख भरून झालेत, आता कसे सोडू’ हा विचार बाजूला ठेवा. भरलेले पैसे भरले गेले, निर्णय पुढच्या सहा हप्त्यांचा आहे. हे सहा लाख भरल्याने शेवटी साधारण बारा लाख जास्त मिळतात, म्हणजे सरासरी साडेतेरा वर्षांत दुप्पट, सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. गृहकर्जापेक्षा हा दर बराच कमी असल्याने हप्ते थांबवणेच योग्य. थांबवल्यावर दोन मार्ग उरतात: पॉलिसी सरेंडर करून, म्हणजे बंद करून, आज मिळेल ती रक्कम घेणे, किंवा ती ‘पेड-अप’ करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी झालेल्या रकमेवर, मुदत संपेपर्यंत ठेवणे. विमा कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा, तोंडी सांगितलेले धरू नका. साडेआठ टक्क्यांनी सोळा वर्षांत पैसे साधारण पावणेचारपट होतात. त्यामुळे पेड-अपची अंतिम रक्कम आजच्या सरेंडर रकमेच्या पावणेचारपटीहून जास्त असेल, तर पॉलिसी पेड-अप ठेवा. कमी असेल, तर सरेंडर करून पैसे गृहकर्जात भरा. कर्ज बदलत्या व्याजदराचे असल्याने मुदतीआधी परतफेडीला दंड लागत नाही. फसवून विकल्याची लेखी तक्रारही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अवश्य करा. पॉलिसी परत करण्याची मुदत केव्हाच संपली असल्याने तिच्यातून पूर्ण पैसे परत येतील, अशी आशा मात्र मी आपल्याला देणार नाही.

छायाचित्रांच्या उत्पन्नाचा अंदाजही फार आशावादी आहे. वर्षात सहा शर्यती, प्रत्येकी तीनशे स्पर्धक आणि प्रत्येकाकडून दोनशे रुपये, असे धरून आपण 3 लाख 60 हजारांचा आकडा काढला आहे. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. साठ जणांचा जथा आपल्यासमोरून दहा-पंधरा सेकंदांत निघून जातो आणि त्यात पुढच्या काही जणांचेच चेहरे मोकळे दिसतात. एका शर्यतीत चाळीस स्पर्धकांची चांगली छायाचित्रे मिळाली आणि त्यांतल्या पंधरांनी दीडशे रुपये दिले, तर वर्षाचे साडेतेरा हजार होतात; त्यातून पेट्रोलही सुटणार नाही. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली. अशा शहरात सायकलस्वारांचे छायाचित्रण करावेसे वाटणे मला पूर्ण समजते, पण छंदाला छंद म्हणूनच पैसे द्या.

त्यासाठी लागणारे पैसेही आपल्या अंदाजापेक्षा बरेच कमी आहेत. कॅमेऱ्याचे शटर एक हजारांश सेकंद उघडे राहिले, तर ताशी 40 किलोमीटरने जाणारा तोच सायकलस्वार तेवढ्यात जेमतेम एक सेंटिमीटर सरकतो, म्हणून तो स्थिर येतो. पण चाकाचे आरेही थिजतात आणि सायकल रस्त्यावर उभी असल्यासारखी दिसते. एक साठांश सेकंदाला तो 18 सेंटिमीटर सरकतो, आणि कॅमेरा त्याच्याबरोबर एकसारखा फिरवला तर चेहरा स्वच्छ, चाके व मागची झाडे धूसर, असा वेग छायाचित्रात उतरतो. या पद्धतीला मोठ्या छिद्राची, जास्त उजेड आत घेणारी महाग लेन्स लागत नाही. आपली जुनी लेन्स सकाळच्या उजेडात तिला पुरेशी आहे. समोरून येणाऱ्या जथ्यासाठी जलद फोकसचा कॅमेरा उपयोगी पडतो, हे खरे. तरीही आधी चढावर उभे राहून पाहा, तिथे वेग निम्म्यावर येतो आणि चेहऱ्यावरचे कष्टही दिसतात. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी; 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते आणि सायकलस्वार एकेकटे, मध्यम वेगाने येतात. सरावासाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही. 70-200 ची लेन्स दोन-तीन शर्यतींपुरती भाड्याने आणा. दिवसाला हजार-दीड हजार पडतील.

पॉलिसीचा हप्ता थांबवल्यावर सुटणाऱ्या लाखातून मुदत, आरोग्य आणि अपघात विम्याला पन्नास हजारांच्या आसपास जातील. पहिल्या वर्षी उरलेल्या पन्नास हजारांत महिन्याच्या शिलकेतले थोडे घालून आपल्या कॅमेऱ्याला बसणारी, जुन्या मॉडेलची वापरलेली लेन्स घ्या. काचेत बुरशी नाही ना, हे उजेडाकडे धरून तपासा. दुसऱ्या वर्षापासून ते पन्नास हजार दर वर्षी गृहकर्जात भरत राहिलात, तर सतरा वर्षांचे कर्ज सुमारे चार वर्षे आधी फिटेल.

पॉलिसीचा पुढचा हप्ता फेब्रुवारीत आहे, असे आपण लिहिले आहे. मुदत विम्याची वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात पडल्याशिवाय जुनी थांबवू नका, म्हणून अर्ज याच आठवड्यात करा.