गाडी ऑइल खाते, कंपनी म्हणते धूळ गेली : इंजिन खोलायच्या आधी काय कराल?

प्रश्न : मी निफाड तालुक्यात राहतो. चौदा महिन्यांपूर्वी कर्ज काढून 17 लाखांचा नवा ट्रक घेतला. मी स्वतः चालवतो, अडचणीला धाकटा भाऊ. कांदा आणि द्राक्षं भरतो. रनिंग जेमतेम 22 हजार किलोमीटर. तीन-चार महिन्यांपासून गाडी हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते, चढाला निळा धूर मारते. सर्व्हिसिंग सगळं कंपनीच्याच वर्कशॉपला. आता ते म्हणतात, "धूळ आत गेली, तुमची हयगय, वॉरंटी बसत नाही." इंजिन खोलायला सही मागतात आणि पावणेदोन लाखांचं एस्टिमेट दिलंय. गाडी धंद्याची असल्यामुळे ग्राहक कोर्टात जाता येत नाही, असं एकाने सांगितलं. काय करू?

उत्तर : आधी एक काम करा. त्या कागदावर सही करू नका. इंजिन एकदा खोललं, रिंगा-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरचं अस्तर) बाहेर काढले आणि जुने भाग भंगारात गेले, की तुमच्या केसमधला सगळ्यात मोठा साक्षीदार गेला. नंतर मी ग्राहक आयोगापुढे, म्हणजे ग्राहक कोर्टापुढे, कितीही बोललो तरी त्याची भरपाई होत नाही.

ग्राहक कोर्टाची शंका आधी मिटवतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(7) मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, हे खरं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू 'व्यापारी कारणा'त मोडत नाही. 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमका ट्रकचाच दाखला दिला : स्वतः भाड्याने चालवण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहक आहे. घरच्या माणसाची मदत घेतल्याने हा हक्क जात नाही. पगारी ड्रायव्हर ठेवून तीन-चार गाड्या पळवणाऱ्याची गोष्ट वेगळी. म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात ठळक लिहा की ही तुमची एकमेव गाडी आहे, ती तुम्ही चालवता आणि घर याच्यावर चालतं. सोबत लायसन्सची प्रत जोडा. हे लिहायचं राहून गेल्याने चांगल्या तक्रारी पहिल्याच पायरीवर अडकलेल्या पाहिल्यात, आणि वाईट वाटतं.

आता मुद्दा इंजिनाचा. पैसे कोणी द्यायचे हे झीज कशाने झाली यावर ठरणार आहे, आणि ते कारण धातूवर उमटलेलं असतं. पण गाडी ऑइल खाते म्हणजे रिंगाच गेल्या असं नाही. टर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) सील गळत असेल, व्हॉल्व्ह सील गेले असतील, ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी वाट) चोकअप झाला असेल, तरी ऑइल जळतं. म्हणून वर्कशॉपला लेखी सांगा की आधी ऑइल कन्झम्प्शन टेस्ट करा : ऑइल खुणेपर्यंत भरायचं, ड्रेन प्लगला आणि डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या पट्टीला) सील मारायचं, हजार किलोमीटर चालवून तूट मोजायची. ऑइल किती खाल्लेलं चालतं हे मॅन्युअलमध्ये दिलं असेल तर आकडा त्याच्याशी ताडून बघा. त्यानंतर सगळ्या सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट, म्हणजे दाब किती बसतो आणि किती गळतो ते. यातल्या कशालाही इंजिन खोलावं लागत नाही. रिपोर्ट आकड्यांत आणि सही-शिक्क्यानिशी घ्या.

धुळीचा आरोप तपासणंही सोपं आहे. एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला पाइप काढायला लावा आणि आतून स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फिल्टरच्या पुढे धूळ जायलाच नको. फडकं कोरडं-स्वच्छ निघालं आणि टर्बोच्या पात्यांच्या कडा शाबूत असल्या, तर धुळीची गोष्ट तिथेच ढिली पडते. ऑइलचा नमुना दोघांसमोर सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवा. धूळ गेली असेल तर त्यात सिलिकॉन चढा येतो.

आणि फडक्यावर धूळ निघाली तर? तरीही घाबरू नका. मग प्रश्न असा की ती कोणाच्या हातून गेली. शेवटच्या सर्व्हिसिंगला फिल्टर कोणी बदलला, क्लॅम्प कोणी आवळला? जॉब कार्ड (वर्कशॉपने केलेल्या कामाची नोंद) काढून बघा. वर्कशॉपच्याच माणसाने फिल्टर नीट बसवला नसेल किंवा होजचा क्लॅम्प सैल सोडला असेल, तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि जबाबदारी डीलरवर येते. मात्र मधल्या काळात तुम्ही बाहेरच्या मेस्त्रीकडे फिल्टर काढून हवा मारली असेल, तर मला आत्ताच सांगा. ते लपवून लढलेली केस उलटतपासणीत कोसळते.

आणखी एक दुबळी बाजू आहे. "फक्त 22 हजार किलोमीटर" हा तुमचा भरवसा आहे, पण समोरचा वकील इंजिनाचे तास काढेल. मार्केट यार्डाच्या रांगेत गाडी तासन्‌तास चालू ठेवत असाल, तर किलोमीटर कमी आणि तास भरपूर असं चित्र दिसतं. इसीयूमधली (इंजिनाच्या कंप्युटरमधली) तासांची नोंद तुम्ही आधीच छापून घ्या.

नंतर नोटीस. कंपनी आणि डीलर दोघांना, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि ईमेलनेही. त्यात म्हणा की इंजिन खोलायचं तर दोन्ही बाजूंसमोर, फोटो-व्हिडिओ काढत, आणि निघालेला प्रत्येक भाग सील करून. ऐकलं नाही तर आयोगाकडे कलम 38(2)(क) खाली योग्य प्रयोगशाळेकडून तपासणीचा अर्ज करायचा. प्रयोगशाळेला अहवालासाठी 45 दिवस मिळतात, फी आधी तुम्हाला भरावी लागते. दोष आहे हे दाखवायची जबाबदारी तुमची आहे, तेव्हा या खर्चात काटकसर नको.

मागणी काय करायची यावर माझं मत स्पष्ट आहे. 'नवीनच गाडी द्या' हा हट्ट पहिला ठेवू नका. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा (2006) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटींप्रमाणे सदोष भाग बदलून देण्यावर भर दिला. म्हणून आधी इंजिन मोफत दुरुस्त करून किंवा बदलून मागा, सोबत बुडालेलं भाडं, मानसिक त्रास आणि खर्च. पर्यायी मागणी म्हणून पैसे परत. कलम 84 ची 'प्रॉडक्ट लायबिलिटी' (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची उत्पादकावरची जबाबदारी) ऐकायला भारी वाटते, पण त्यातल्या 'हानी'त त्या वस्तूचं स्वतःचं नुकसान धरत नाहीत, कलम 2(22) पाहा.

तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच होईल, कारण तुम्ही तिथे राहता. वॉरंटी पुस्तिकेत दुसऱ्या शहराचं नाव छापलेलं असलं तरी. गाडीसाठी मोजलेली किंमत 50 लाखांच्या आत आहे, आणि 10 ते 20 लाखांसाठी फी 400 रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. वॉरंटी नाकारल्याच्या पत्रापासून मोजण्यापेक्षा ऑइलची पहिली तक्रार जॉब कार्डवर आली त्या तारखेपासून धरून चला.

हप्ते थांबवू नका. फायनान्सवाल्याचा या भांडणाशी संबंध नाही, आणि गाडी त्याने ओढून नेली तर तपासणीही अडते. टेस्टसाठी चालवावी लागेल तेवढीच चालवा, रोज सकाळी डिपस्टिकचा तारखेसह फोटो काढा, वरून टाकलेल्या ऑइलचं प्रत्येक बिल ठेवा. ऑइल कमी असताना इंजिन जाम झालं, तर आज नसलेली हयगय त्यांना आयती मिळेल. गाडी उभी ठेवलीत, तर नेहमीच्या व्यापाऱ्यांकडून गेल्या सहा महिन्यांच्या भाड्याच्या पावत्या मागून घ्या. बुडालेल्या कमाईचा हिशोब त्यांच्यावरूनच मांडता येईल.