तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेल्या शहराचं पुढे काय होतं?

तुम्ही विचारलंय की टिकाऊ शहरं आणि चांगली घरं यांसाठी वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या तज्ज्ञांनी मिळून धोरण ठरवावं असं सगळे म्हणतात, पण त्यातून प्रत्यक्षात काही झालंय का? झालंय. त्याचं उदाहरण म्हणजे नवी मुंबई, आणि मी 1986 पासून तिथेच राहतो. पेशाने स्थापत्य अभियंता, आता निवृत्त, मुक्काम वाशी.

नवी मुंबईची कल्पना जोरात मांडली ती सरकारबाहेरच्या तिघांनी. 1964 मध्ये मुंबई महापालिकेने विकास आराखडा मांडला, तो तिघांना पटला नाही. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे दोघे वास्तुविशारद, आणि शिरीष पटेल हे अभियंते (केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल यांनीच आखलेला). 1965 मध्ये 'मार्ग' नियतकालिकात त्यांनी पर्यायी प्रस्ताव छापला. म्हणणं सोपं होतं. मुंबई म्हणजे एक चिंचोळी पट्टी. सकाळी सगळे दक्षिणेला धावणार, संध्याकाळी सगळे उत्तरेला. रस्ते कितीही रुंद केले तरी कचेऱ्या एकाच टोकाला असतील तर लोंढा वाढणारच. तेव्हा कचेऱ्याच खाडीपलीकडे न्या.

पण मला त्या प्रस्तावातली आवडते ती पैशाची बाजू, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शेत आणि मिठागर असताना जमीन सरकारने घ्यायची, तिथे रस्ते-पाणी न्यायचं, मग जमिनीचा जो भाव वाढेल त्यातून पुढचं शहर बांधायचं. एरवी हा वाढीव भाव आधी कानोकानी खबर लागलेल्या दलालांच्या खिशात जातो. 1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली तेव्हा राज्याने भांडवल दिलं जेमतेम 4 कोटींच्या आसपास. क्षेत्र 344 चौरस किलोमीटर, गावं 95, लक्ष्य 20 लाख लोकवस्तीचं. मानखुर्द-वाशी रेल्वेच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा राज्याच्या बाजूने उचलला गेला, तो या जमिनीच्या जोरावर. गाडी सुरू झाली 1992 मध्ये. तोवर आम्ही बसला लोंबकळून खाडीपूल ओलांडत होतो, हे वेगळं.

दुसरी गोष्ट पाण्याची. वाशी-बेलापूरचा बराच भाग भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. त्यासाठी धारण तलाव केले: भरती आली की झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला खाडीत जातं. मूळ कल्पनेत ना पंप, ना वीज. आता गंमत बघा. तलावांत गाळ साचला, गाळावर खारफुटी उगवली, आणि खारफुटी तोडायची तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. पर्यावरणवाल्यांचं बरोबर आहे आणि पाण्याचा निचरा बघणाऱ्यांचंही. तुम्ही म्हणता तसं 'एकत्र बसणं' एकदा उरकून चालत नाही, ते इथे दिसतं.

आता बिनसलं कुठे. पहिलं म्हणजे मंत्रालय हललं नाही. सरकार स्वतः पलीकडे गेलं की कचेऱ्या मागोमाग येतील, असा सगळा हिशेब होता. तज्ज्ञ हे सांगत असतानाच तिकडे समुद्रात भर घालून नरिमन पॉइंटचे टॉवर उभे राहत होते. बेलापूरला 'सीबीडी' (म्हणजे मध्यवर्ती व्यापारी भाग) नाव मिळालं, कोकण भवन ही सरकारी कचेऱ्यांची इमारत मिळाली. मंत्री कफ परेड-मलबार हिलवरून उठले नाहीत. तिघांकडे युक्तिवाद होता, सही करायचा अधिकार नव्हता.

दुसरं जास्त गंभीर. 95 गावांतले आगरी-कोळी आणि इतर शेतकरी आराखडा आखताना खोलीत कुठे होते? भाव वाढल्यावर शहर श्रीमंत होणार, पण ज्याची जमीन तो जुन्या भावाने मोकळा. जानेवारी 1984 मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणजवळच्या जासई परिसरात आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. म्हणजे 'भाववाढीत मूळ मालकाचाही वाटा' ही साधी गोष्ट, जी पहिल्या दिवशी कागदावर यायला हवी होती, ती रक्त सांडल्यावर आली. 2021 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून बेलापुरात जी गर्दी लोटली, ती नुसत्या नावासाठी नव्हती.

घरांचं म्हणाल तर सुरुवातीला सिडकोवाले कुटुंबाची मिळकत किती, ते महिन्याला किती देऊ शकेल, त्यावरून घराचं क्षेत्रफळ काढत. वाशीत आजही लोक पत्ता सांगताना 'जेएन टू टाइप' (सिडकोच्या घरांचा एक प्रकार) म्हणतात, ती त्याच काळाची बोली. कोरियांनी 1980 च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज केलं: सात-सात कमी उंचीची घरं एका अंगणाभोवती, शेजाऱ्याची भिंत सामायिक नाही, म्हणजे पैसे येतील तसं ज्याने त्याने वाढवावं. लोकांनी वाढवलं की! मूळ घरं आता मोजकीच उरलीत, बाकीचे बंगले झाले. काही वास्तुविशारद त्यावर हळहळतात. मला तरी ते यशच वाटतं. पण पुढे सिडकोला निविदा काढून चढ्या बोलीला भूखंड विकायची सवय लागली, आणि मिळकतीवरून घर काढण्याचा हिशेब मागे पडला.

मग ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बायका, मॉलमधली पोरं राहतात कुठे? आमच्या सेक्टरमागे गावठाण आहे. तिथे ग्रामस्थांनी 'गरजेपोटी' बांधलेली तीन-चार मजली घरं, इतकी चिकटून की वरच्या खिडकीतून शेजारच्या खिडकीत ताटली देता येईल. कागदोपत्री अनधिकृत. नियमित करायचे शासन निर्णय निघतात, मोजणी होते, पुन्हा अडतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई तिथेच एका खोलीत भाड्याने राहतात, आणि माझ्या इमारतीचा वॉचमनही.