‘नैसर्गिक स्वाद’ म्हणजे शाकाहारी का?

प्रश्न : आमच्या घरी श्रावणभर शिवराक (शाकाहारी जेवण) असते आणि मुलीने तर दूध-तूपही सोडले आहे. लिस्बनहून दिरांनी आणलेल्या चिप्सच्या पाकिटावर ‘आरोमा नातुराल’ असे छापलेले आहे. नैसर्गिक स्वाद वनस्पतीचाच असतो, असे समजावे का? (एक वाचिका, फोंडा)

उत्तर : तसे समजू नये. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमाप्रमाणे नैसर्गिक स्वाद वनस्पती, प्राणी किंवा सूक्ष्मजीव यांपैकी कशापासूनही काढलेला चालतो. मात्र स्वादासोबत लिंबाचे किंवा कांद्याचे नाव जोडलेले असेल, तर स्वाद देणारा किमान ९५ टक्के भाग त्याच पदार्थातून आलेला असावा लागतो. आपल्या पाकिटावर असे कोणतेही नाव नसेल, तर त्या दोन शब्दांवरून काहीच ठरवता येणार नाही.

अशा वेळी घटकांच्या यादीत ठळक केलेले शब्द पाहावेत. दूध, अंडे, मासे, कोळंबी-कुर्ल्या यांची काहींना ॲलर्जी असते, म्हणून ते स्वादातून आलेले असले तरी त्यांचा उल्लेख करावाच लागतो. (पोर्तुगीज जाणणारे कोणी वडीलधारे घरात असतील, तर त्यांना यादी वाचायला सांगावी.) कोंबडी आणि इतर मांस मात्र या ॲलर्जीच्या यादीत नाही, त्यामुळे भाजलेल्या मांसासारखी चव असलेल्या पाकिटाबाबत मी विशेष सावध राहीन. चिप्समध्ये ६३१ हा क्रमांकही शोधावा. हा चव वाढवणारा पदार्थ मासे किंवा मांसापासून तयार होतो, तसाच टॅपिओकाच्या (साबुदाण्याच्या कंदाच्या) स्टार्चपासूनही होतो, आणि कशापासून केला हे नुसत्या क्रमांकावरून कळत नाही. घटकाचे मूळ वनस्पती की प्राणी, हे उत्पादकाने उघड केलेच पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये याच पदार्थाचे उदाहरण घेऊन बजावले होते.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवा ठिपका असेल, तर स्वादासकट सारा पदार्थ शाकाहारी असल्याची जबाबदारी उत्पादकावर येते, आणि श्रावणासाठी तेवढे पुरते. आपल्या मुलीला ते पुरणार नाही, कारण भारतीय नियमांत दूध, मध, मेण आणि लाख हे मांसाहारी धरलेले नाहीत, आणि हिरव्या ठिपक्याच्या बिस्किटात लोण्याचा नैसर्गिक स्वाद असू शकतो. तिने २०२२ च्या नियमांनी आलेले वेगळे व्हीगन (प्राणिजन्य काहीच नसल्याचे) चिन्ह पाहावे. सामानातून आलेल्या पाकिटावर यांपैकी काहीच नसते. तेव्हा त्यावरील पत्त्यावर उत्पादकाला ‘हा स्वाद नेमका कशापासून काढला आहे?’ असे लिहून विचारावे आणि उत्तर येईपर्यंत ते मुलीला देऊ नये.