चार दिवस, सोबत सासूबाई आणि ग्रीसचं एकच बेट

प्रश्न: ताई, आम्ही सप्टेंबरमध्ये ग्रीसला जातोय, मी, मिस्टर आणि माझ्या सासूबाई (वय ६७, गुडघ्याचा त्रास आहे). अथेन्स झाल्यावर हातात चार दिवस उरतात. सगळे सँटोरिनीच करा म्हणतात, पण मिस्टरांच्या एका मित्राने नाक्सोस सुचवलंय. तिथे बघण्यासारखं नक्की काय आहे? नुसते बीच असतील तर सासूबाई कंटाळतील.

उत्तर: नाक्सोसच करा. सँटोरिनी सुंदर आहे यात वादच नाही, पण कड्यावरची ती गावं म्हणजे जिनेच जिने, सासूबाईंचे गुडघे दुसऱ्या दिवशी बोलायला लागतील. नाक्सोस हे सिक्लडीज बेटांमधलं सगळ्यात मोठं बेट, अथेन्सच्या पिरेयस बंदरातून साध्या फेरीबोटीने पाच-साडेपाच तास लागतात, फास्ट बोटीने कमी. आणि कंटाळ्याचं म्हणाल तर इथल्या ज्या गोष्टी माझ्या मनात घर करून बसल्यात त्या अर्धवट राहिलेल्या आहेत, म्हणूनच त्यांच्यापुढे माणूस जास्त वेळ थांबतो.

पहिली बोटीतूनच दिसते. पोर्तारा, म्हणजे मोठा दरवाजा. दोन उभे दगड, वर एक आडवा, सगळा संगमरवर, उंची साधारण सहा मीटर, आणि मागे देऊळच नाही, नुसता समुद्र! लिग्दामिस नावाच्या सत्ताधीशाने इ.स.पू. ५३० च्या सुमारास अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं, पुढे त्याची सत्ता गेली आणि काम तिथेच थांबलं. पुढच्या काळात इथले दगड लोकांनी दुसऱ्या बांधकामांना नेले, दरवाजा तेवढा राहिला. तिथे जायला बंदरापासून एक बांध घातलेला आहे, चालायला सपाट, शेवटी थोडा चढ आणि उंचसखल दगड, तेवढा सासूबाईंचा हात धरा. सूर्यास्ताच्या तासभर आधी जाऊन बसा, नंतर गर्दी होते.

दुसरी गोष्ट माझी सगळ्यात लाडकी. बेटाच्या उत्तर टोकाला अपोलोनास गाव आहे, गावाच्या वर जुन्या दगडखाणीत १०.७ मीटर लांबीचा एक पुतळा उताणा पडलाय, अडीच हजार वर्षांपासून. त्याला कूरोस म्हणतात. दाढीचा नुसता चौकोनी ठोकळा काढलाय, हात अंगाला चिकटलेले, पायाची बोटं अजून दगडातच. दाढीवरून हा डायोनिसस, म्हणजे मद्याचा देव असावा असं मानतात, आणि दगडाला तडे गेल्यामुळे सोडून दिला असावा असंही. जवळ जाऊन वाकून बघा, अंगभर टाकीच्या खुणा आहेत, मी बोट फिरवत किती वेळ बसले होते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात ना, याने घाव सोसले आणि देवपण यायचं तेवढं राहून गेलं. मला खरंच गलबलून आलं होतं. रस्त्यापासून थोड्याच पायऱ्या आहेत, पण तिथवर गाडीने घाटातून सव्वा तास तरी लागतो, वळणं खूप, गाडी लागत असेल तर गोळी घेऊनच निघा. मेलानेसजवळच्या फ्लेरिओला पण असे कूरोस आहेत, यापेक्षा लहान, झाडांच्या सावलीत, एकाचा पाय तुटलेला. पण तिथे वरच्या पुतळ्याकडे जायला खडबडीत पायवाट आहे, सासूबाईंना खालीच बसवा.

दीमीतरचं देऊळ सांग्री गावाजवळ, शेतांच्या मधोमध, म्हणजे धान्याच्या देवीला साजेशी जागा. हे मात्र पूर्ण झालेलं होतं, आणि छपराची कौलंसुद्धा संगमरवराची, इतकी पातळ की आत उजेड झिरपायचा. आता थोडाच भाग परत उभा केलाय, पण बघाच.

त्याच दिवशी वाटेत हाल्की गाव घ्या. तिथे १८९६ पासून कित्रोन नावाचं मद्य काढतात, म्हाळुंगाच्या पानांपासून, फळापासून नाही! नको असेल तर चौकात बसून कॉफी प्या, गाव छोटं, शांत. वर अपिरांथोसला गल्ल्यांमध्ये संगमरवराच्या फरश्या आहेत, दिसायला सुरेख पण घसरड्या. बीच हवेच असतील तर आयिओस प्रोकोपिओस आणि प्लाका, त्यावर मी काय वेगळं सांगणार.

एक गोष्ट मनापासून सांगते, परतीची फेरीबोट आणि घरचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो, सप्टेंबरमध्ये कमी होत जातो पण भरवसा नाही, माझी बोट वाऱ्यामुळे रद्द झाली होती आणि पुढचं सगळं गणित कोलमडलं. शेवटची रात्र अथेन्सलाच काढा.

प्रश्न: मी एकटा जातोय, गाडी चालवता येत नाही. नाक्सोस बसने होतं का? आणि तिथून देलोस जमेल?

उत्तर: होतं की. बसेस बंदराजवळूनच सुटतात, हाल्की आणि अपिरांथोस आरामात होईल. अपोलोनासला मात्र दिवसातून थोड्याच बस जातात, परतीची वेळ आधी विचारून ठेव, नाहीतर कूरोसशेजारी तूही पडून राहशील. देलोस म्हणजे प्राचीन अवशेषांचं छोटं बेट, तिथे सीझनमध्ये दिवसभराच्या बोटी निघतात, बहुतेक मिकोनोस बेटामार्गे, देलोसवर मुक्काम करता येत नाही. पण नाक्सोस बघून देलोसला गेलास तर तिथली दगडी सिंहांची रांग वेगळीच वाटेल, कारण ते सिंह इ.स.पू. सातव्या शतकात नाक्सोसच्या लोकांनीच, आपल्याच बेटाचा संगमरवर नेऊन, अपोलोला वाहिलेले. बाहेर उभ्या आहेत त्या प्रतिकृती, अस्सल सिंह म्युझियममध्ये आहेत, ते चुकवू नकोस. पाणी आणि टोपी घे, देलोसवर सावली जवळजवळ नाहीच.