तांडेलाचा न्याय चौदा वर्षांच्या मुलाला लावावा का?

प्रश्न : मासेमारीबंदीत होड्या शाकारून ठेवल्या की आमचे वडील घरी असतात. यंदा त्या दिवसांत ते, मी आणि माझा चौदा वर्षांचा धाकटा भाऊ अशा तिघांनी मिळून 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका पाहिली. अठराव्या भागात शिंजी इकारी हा नायक समोरच्या शत्रूवर हात उचलायला नकार देतो. वडील तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत. ते म्हणाले, "ऐन वादळात सुकाणू सोडले तर बोटीवरचे सगळे जातात. हा मुलगा भित्रा आहे." मला ते पटले नाही, पण उत्तरही देता आले नाही. भावाने विचारले, "मग त्याने करायला काय हवे होते?" तेव्हा वडील आणि मी, दोघेही गप्प झालो. आपले मत काय?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : ज्यांनी ही १९९५-९६ सालची मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी प्रसंग आधी सांगतो. (ज्यांना ती पाहायची आहे त्यांनी हे पान तूर्त उलटावे, कारण पुढे काहीच झाकून ठेवलेले नाही.) 'एव्हा' नावाचे महाकाय देह चौदा वर्षांची मुले आत बसून चालवतात आणि 'एंजल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शत्रूंशी लढतात. जपानमधील मात्सुशिरो येथे तीन क्रमांकाच्या एव्हाची चाचणी चालू असताना एक एंजल त्या एव्हाचाच ताबा घेतो आणि आतला चालक आतच अडकतो. चालक ज्यात बसतो ती कुपी बाहेर फेकण्याचा, ही लढाई चालवणाऱ्या संघटनेच्या मुख्यालयाचा प्रयत्न फसतो. शिंजीला समोर उभे केले जाते. आत आपल्याच वयाचे कोणीतरी आहे एवढे त्याला कळते, परंतु तो आपला वर्गमित्र तोजी आहे हे कळत नाही. दुसऱ्या एव्हाची चालक आसुका ते सांगू पाहते आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्यावर हल्ला होतो. गळा आवळला जात असताना शिंजी वडिलांना सांगतो की माणूस मारण्यापेक्षा मी मेलेला बरा. वडील, म्हणजे सेनापती गेंडो, एव्हाचे नियंत्रण मुलाकडून काढून 'डमी' यंत्रणेकडे, म्हणजे चालकाशिवाय एव्हा चालवणाऱ्या यंत्रणेकडे, देतात. त्यानंतर शिंजीचाच एव्हा, शिंजी आत ओरडत असताना, त्या देहाच्या चिंधड्या करतो आणि कुपी चिरडतो. तोजी वाचतो, पण एक पाय गमावून.

तुमच्या वडिलांचे म्हणणे मी सहजासहजी बाजूला सारणार नाही, कारण समुद्रावर ज्याच्या शब्दावर इतरांचे प्राण अवलंबून असतात त्या माणसाचे ते म्हणणे आहे. शिंजी हरला असता तर तो एकटा मेला नसता. एंजल मुख्यालयाच्या तळाशी पोहोचला तर मानवजात संपेल, असे त्या कथेत सर्वांनी धरून चाललेले असते, आणि म्हणून शिंजीने स्वतःचा जीव देऊ केला तेव्हा ज्यांना त्याने विचारले नव्हते अशा असंख्य माणसांचाही जीव देऊ केला, हा आरोप मला मान्य करावाच लागतो. मात्र त्याला भित्रेपणा म्हणणे मला चुकीचे वाटते, कारण भित्रा मुलगा मरणापासून दूर सरकतो आणि हा तर ते पत्करून जागेवर राहिला होता.

तुलना तांडेलाशीच करायची, तर ती पुरती करावी. तांडेल होण्याआधी माणूस कित्येक वर्षे खलाशी म्हणून राबलेला असतो, आपल्या बोटीवर कोण कोण आहे हे त्याला ठाऊक असते, आणि हवा पाहून बोट बंदराबाहेर काढायची की नाही हे तो स्वतः ठरवतो. शिंजीला यांपैकी काहीच मिळालेले नाही. लहानपणी आईला डोळ्यांदेखत गमावलेल्या आणि वडिलांनी दुसऱ्याच्या घरी ठेवलेल्या या मुलाला पहिल्या भागात अचानक बोलावून घेतले जाते, आणि तो नाही म्हणतो तेव्हा बँडेजमध्ये गुंडाळलेल्या जखमी रेईला, दुसऱ्या एका चालक मुलीला, त्याच्यासमोर आणले जाते. तिला लढायला जावे लागू नये म्हणून तो एव्हात बसतो. शिवाय अठराव्या भागात त्याने स्वतःहून पहिला ठाम निर्णय घेतला, त्याच क्षणी सुकाणू त्याच्या हातातून काढून घेण्यात आले.

तुमच्या भावाचा प्रश्न मात्र सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याला उत्तर आहे असे मला वाटते. तो प्रसंग पुन्हा नीट पाहावा. मान मोडून तो देह लुळा पडल्यावरही डमी यंत्रणा थांबत नाही, आणि कुपी चिरडली जाते ती त्यानंतर. म्हणजे लढाई जिंकण्यासाठी कुपी फोडणे आवश्यक होते, असे दृश्य सांगत नाही. हातपाय निकामी करून, कुपी अलगद उचलून बाजूला ठेवणारा चालक निदान कल्पनेत तरी शक्य होता. मात्र हे सोफ्यावर बसून सुचते. गळा आवळला जात असलेल्या मुलाला ते वेळेवर कोणीतरी सांगायला हवे होते. चालकांना लढाईत आदेश देणाऱ्या ज्या मिसातोने ते सांगितले असते, ती मात्सुशिरोच्या स्फोटात जखमी झाली होती, आणि गेंडोने मुलापुढे 'मार किंवा मर' एवढेच पर्याय ठेवले. शिंजीने त्या दोहोंपलीकडे पाहिले नाही हे खरे आहे, परंतु ते पाहण्याची जबाबदारी चौदा वर्षांच्या चालकावर टाकण्याआधी आज्ञा देणाऱ्यांवर टाकायला हवी.

एकोणिसाव्या भागात तो संतापून मुख्यालयच उद्ध्वस्त करण्याची धमकी देतो, त्याचे समर्थन मी करणार नाही. तिथे माणसे होती आणि त्यांतील बहुतेकांनी त्याचे काही वाईट केलेले नव्हते.

प्रश्न : याच शिंजीने चोविसाव्या भागात कावोरूला मात्र मारले. मग आधीच्या नकाराला काय अर्थ उरला?
– एक वाचक, देवगड

उत्तर : दोन्ही प्रसंगांत हात एव्हाचाच आहे, पण तोजीने मरण मागितलेले नव्हते आणि कावोरू, जो स्वतःच एंजल आहे, ते मागतो. कावोरू एव्हाच्या मुठीत असताना पडद्यावर जवळजवळ एक मिनिट काहीही हलत नाही. या वेळी वडील नियंत्रण काढून घेत नाहीत आणि डमी यंत्रणाही मध्ये येत नाही, त्यामुळे जे घडते ते संपूर्णपणे शिंजीचे असते. अठराव्या भागात ज्या ओझ्याला त्याने नकार दिला होता, तेच इथे त्याने उचलले, आणि त्याखाली तो पिचला. नंतर तो मिसातोला म्हणतो की जगायला हवे होते ते कावोरूने, आणि ती उत्तर देते की जगण्याची इच्छा असणाराच जगतो. पुष्कळांना हे उत्तर खंबीर वाटते. मला ते त्या रात्री त्या मुलाला देण्याजोगे वाटत नाही, कारण त्याने न्यायनिवाडा मागितलेला नव्हता.