ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलंयस, तर व्याख्या पाठ करण्याआधी एक गाठ सोडवून घे. ‘ऋण प्रबलन’ म्हणजे शिक्षा, असं बरेच जण लिहितात. मीही पहिल्या चाचणीत तेच लिहून गुण घालवले होते. इथलं ऋण म्हणजे वाईट नव्हे, नुसतं वजाबाकीचं चिन्ह. गाडीत सीटबेल्ट लावेपर्यंत टीं-टीं वाजत राहतं ना? बेल्ट लावला, आवाज बंद. नकोशी गोष्ट वजा झाली, म्हणून बेल्ट लावायची सवय पक्की झाली. शिक्षेने वर्तन घटतं. प्रबलनाने, धन असो वा ऋण, ते वाढतंच. पेपरात उदाहरण आलं की आधी बघ, वर्तन वाढलं की घटलं? मग बघ, काही मिळालं की गेलं?

हे झालं मानसशास्त्रज्ञ स्किनरचं साधक अभिसंधान, म्हणजे वर्तनाच्या परिणामातून होणारं शिकणं. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हचं अभिजात अभिसंधान, म्हणजे दोन गोष्टींची सांगड बसून होणारं शिकणं, वेगळं. कुकरची शिट्टी ऐकून तोंडाला पाणी सुटतं, तिथे तू काही करत नाहीस, ते आपोआप होतं. (पावलोव्हला १९०४ चं नोबेल मात्र पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं.)

फ्रॉइड सगळ्यांनाच आधी वाचायचा असतो. वाच, पण परीक्षेनंतर.